धोटा

वडगावात वीज गेली की माग थांबतात
आणि कानांना थोडा वेळ काही सुचत नाही.
त्या तासाभरात आमचं नाटक.
विरुपाक्षण्णांच्या कारखान्यात, तेलकट जमिनीवर,
दोन मागांमधली सहा फुटांची बोळ, तेच स्टेज.
वीज आली की शिट्टी.
राणी असो, राक्षस असो, सगळ्यांनी बाहेर पळायचं.

मी कांड्या भरते. वाचता येतं म्हणून
मोदगेकर बाईंनी वही माझ्या हातात दिली.
"तू विंगेत थांब. कोण अडलं तर शब्द दे."
विंग म्हणजे सुताची पोती.
वहीत डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड,
कारण शिवलीला रडते ती कन्नडात
आणि भैरूला हसू फुटतं ते मराठीतच.
मधला समास कोरा.

नाटक कसलं, एका लुगड्याचं.
लाल दोरा भांडखोर, पांढरा रुसका,
निळी किनार अर्ध्या तालमींना नसायची,
तिची ट्यूशन असायची.
दोऱ्यांना तोंडभर बोलणी.
धोट्याला एक ओळ नाही.
म्हणून धोटा रवळूला दिला.

रवळू बिर्जे, वय नऊ.
घरी मांजराशी बोलतो म्हणे.
शाळेत हजेरीला त्याचं नाव येतं
आणि वर्गात एक खड्डा पडतो.
गुरुजी जरा थांबतात, मग गैरहजर लिहितात,
तो समोर बसलेला असताना.
"मुकं न्हवं गे आमचं पोरगं," त्याची आई मला म्हणाली,
"शब्दांच्या रांगेत ते मागं राहतंय, एवढंच."

बाईंनी त्याला बोल म्हटलं नाही.
इकडून तिकडं पळ. पोचलास की पाय आपट, खट्. परत फीर.
चार दिवस तो पळालाच नाही.
पाचव्या दिवशी चालला.
मग एकदा, कुणी बघत नाही असं बघून,
खट्.
मी बघत होते. सांगितलं नाही.

बोर्ड रंगवायचा होता. कुठली अक्षरं मोठी?
यावरून मोठी माणसं रात्री डबा-ब्रश घेऊन
एकमेकांच्या पाट्यांना काळं फासतात.
पोरांनी एकच फुटपट्टी घेतली, दोन्ही ओळी मोजल्या.
तरी कन्नड ओळ थोडी फुगलीच,
ती अक्षरं मुळात गुबगुबीत.
भैरू म्हणाला, "असू दे की.
आमच्या डोक्यावर पत्रा हाय."

प्रयोग शनिवारी, देवळामागं, फळ्या टाकून.
ट्यूबलाइट दोन, त्यातली एक फडफडणारी.
पहिल्या पाळीचे मागवाले अंघोळ करून आलेले,
दुसऱ्या पाळीचे डबा घेऊनच.
शिवलीलाची लांब ओळ आली, मराठीतली,
"मला एकटीलाच ताणलंत,"
आणि पुढं काही नाही.
ओठ तिथंच.
तिची आई पदर चावत होती.

मी वही उघडली. तोंड उघडलं.
तर रवळू आपली वाट सोडून
तिच्या शेजारी जाऊन उभा.
बोलला नाही. फळीवर पाय आपटला.
खट्.
थांबला.
खट्.
तालमीत ती ओळ याच ठोक्यांवर यायची,
हे मला वहीत कुठं दिसलं नव्हतं.
तिसऱ्या ठोक्याला ओळ आली,
अर्धी मराठी, "तर तुटेन" तेवढं कन्नडात.
लोकांना वाटलं असंच बसवलंय.
मी तोंड मिटलं.

सोमवारी हजेरीत त्याचं नाव आलं.
भैरू सांगत होता. तोच खड्डा.
मग मागच्या बाकावरून, खट्.
गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं.
पेन उचललं, काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं ते भैरूला दिसलं नाही.
रवळूनं विचारलं नाही.
मधल्या सुट्टीत म्हणे तो
सगळ्यांच्या पुढं पळत होता.

वही अजून माझ्याकडंच आहे.
त्या पानावर, मधल्या कोऱ्या जागेत,
पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली.
दुसरी मारणार, तेवढ्यात वीज आली.